पोळ्याला डाळ किती खपली? पुरवठा मंत्र्यांना एका किराणा दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
मंत्रालय, मुंबई

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
डिसेंबर २०२५

साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात टीव्हीवर बातमी लागली की देशातली महागाई ऑक्टोबरमध्ये ०.२५ टक्क्यावर आली. खाण्यापिण्याच्या वस्तूंचा आकडा तर चक्क उणे ५.०२ टक्के. संध्याकाळची वेळ, दुकानासमोरच्या फळीवर चार-पाच जण बसलेले. सगळ्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यातला एकजण म्हणाला, "मंग तेल काहून सस्तं नाही होऊन राह्यलं, शेठ?"

मी कसला शेठ. चार एकर कोरडवाहू वावर आणि आजोबांनी टाकलेलं किराण्याचं दुकान, एवढीच माझी शेठगिरी. पण गावात महागाईचा जाब विचारायला दुसरं कोणी हाताशी नसतं, म्हणून तो मलाच विचारतात. त्या दिवशी काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. खरं उत्तर तुम्हाला लिहितोय.

आकड्याचा हिशेब आधी उरकून टाकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच खाद्यपदार्थांचा आकडा १०.८७ टक्के होता. म्हणजे त्याच्या वर्षभर आधी जो बाजार १०० रुपयांत यायचा, तो १११ च्या घरात गेला. यंदा त्यावर पाच टक्के उतरले, तर आला १०५ वर. उतरला, खोटं नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या मानानं पाच रुपये वरच बसलाय. आणि उतरलं काय, तर भाजीपाला, कांदे, डाळी. ज्या गावात अर्धी घरं तूर, हरभरा पिकवतात तिथे डाळ उतरली की एका हातानं दोन रुपये वाचतात आणि दुसऱ्या हातानं दहा जातात. तेल उतरलंच नाही.

माझ्याकडे महागाई मोजायचं माप वेगळं आहे. पोळ्याला हरभऱ्याची डाळ किती खपली, ते मी पाहतो.

तुम्हाला सांगायला नको, पण मुंबईतल्या अधिकाऱ्यांसाठी सांगतो. आमच्याकडे पोळा दिवाळीपेक्षा मोठा. घरी बैलजोडी असो नसो, मातीचे बैल पाटावर मांडून पुरण शिजतंच. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांनाही पोळी लागते. आणि सण येतो नेमका वर्षाच्या सगळ्यात रिकाम्या दिवसांत. बी-बियाणं, खत, फवारणी, निंदण यात घरातला शेवटचा रुपया गेलेला असतो आणि सोयाबीन निघायला दीड-दोन महिने असतात. या दिवसांत माणूस मनात येईल तेवढं घेत नाही, झेपेल तेवढंच घेतो. सहा-सात वर्षांपूर्वी त्या आठवड्यात माझ्याकडून दोन कट्टे हरभऱ्याची डाळ जायची. यंदा एक कट्टा पुरा फुटला नाही. घरं तेवढीच आहेत, उलट चार वाढली. एक मावशी पावभर डाळ घेऊन गेल्या. मी म्हटलं, "एवढ्यात कसं होईल?" त्या म्हणाल्या, "बैलाच्या निवदापुरतं दे बाबू. आमी खाल्लं काय न नाही काय."

तेव्हा महागाईचा आकडा उतरणीला लागला होता. मावशींच्या नावावर माझ्या वहीत जे बाकी होतं ते मात्र मागच्या दोन वर्षांतलं होतं, चढलेल्या भावाचं. भाव उतरला म्हणून मागची उधारी उतरत नाही, हे कोणत्याही टक्केवारीत लिहून येत नाही. ज्या भावानं माल गेला, त्याच भावानं फेडायचा.

गावात उपाशी कोणी झोपत नाही, हे मी तुमच्या बाजूनं सांगायला तयार आहे. पण घराला चिमटा बसला की आधी काय कमी होतं, हे मी काउंटरच्या या बाजूनं तीस वर्षं पाहतोय. आधी शेंगदाणे जातात. मग गूळ. मग तूरडाळ किलोवरून अर्ध्यावर, अर्ध्यावरून पावावर येते आणि वरणात पाणी वाढतं. त्यानंतर तेल. धान्य सगळ्यात शेवटी. म्हणून पोट मोजायला आलेल्या माणसाला पोट भरलेलंच दिसतं. भाकरीसोबत मिरचीचा ठेचा, पावसाळ्यात फुकटचा तरोटा नाहीतर अंबाडी, झालं जेवण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या आणि पाच वर्षांखालची ३५.२ टक्के लेकरं वयाच्या मानानं बुटकी. शेंगदाणे, गूळ आणि डाळ कुणाच्या ताटातून आधी गेली असेल, त्याचा अंदाज मला आहे. बाप्या माणूस दिवसभर वखर धरतो, त्याला वाढावंच लागतं.

आणि कमी घेणाऱ्याला महाग पडतं, याची कबुलीही देऊन टाकतो. माझ्याकडे तूरडाळ किलोला १२०, पण पावभर घेतली तर ३२. हिशेब केला तर किलोला १२८. सुटं तेल विकायला मनाई आहे, म्हणून छोटे पाऊच ठेवतो. लिटरच्या मानानं ते नेहमीच महाग. मला पुड्या बांधायच्या, मोडतोड सोसायची, उधारीत पैसा अडकवायचा, म्हणून मी हे करतो. पण ज्याच्याकडे एकदम दीडशे रुपये आहेत त्याला स्वस्त आणि ज्याच्याकडे वीस आहेत त्याला महाग, हा नियम मी काही मोडू शकलो नाही.

आता ज्वारी. आजोबांच्या काळात दुकानाच्या मागच्या खोलीत धान्य साठवायची एक मोठी ढोली होती. मी लहान असताना ती रिकामी झाली, मग तिच्यात आम्ही लपाछपी खेळायचो. ढोली कशाला होती? कारण तेव्हा बाया-पोरं ओच्यात ज्वारी घेऊन दुकानात यायची आणि तिच्या बदल्यात मीठ, चहापत्ती, गूळ न्यायची. सवंगणीची मजुरी धान्यात मिळायची, सालदाराला वर्षाची ज्वारी ठरलेली असायची. पैसा नसला तरी मजुराच्या घरात दाणा असायचा. धान्य दुकानात यायचं, साहेब. आता दुकानातून जातं.

ज्वारी का गेली, हे कुणालाही विचारा. सोयाबीन आलं, रोख पैसा आला. उरलीसुरली ज्वारी रानडुकरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, घालवली. एकट्यादुकट्यानं ज्वारी पेरली की गावातली सगळी पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. मीही २०११ नंतर पेरली नाही. कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरं गेली, जनावरांबरोबर दूध गेलं. गव्हाची पोळी मऊ लागते हे खरं, पण ज्या घरानं पिढ्यान्पिढ्या भाकर खाल्ली ते घर आता ज्वारी विकत घेतं, आणि चांगली ज्वारी माझ्याकडे ४५ रुपये किलो आहे.

याच ठिकाणी तुमच्या १७० रुपयांची गोष्ट येते. पत्र त्यासाठीच आहे.

२०१५ मध्ये सरकारनं शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी एक चांगलं काम केलं होतं. मराठवाड्याचे आठ आणि आमचे सहा: अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा. अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीत न बसणाऱ्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळायला लागलं. गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. २०२२ मध्ये या योजनेसाठी केंद्राकडून धान्य येणं थांबलं. मग २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात माणशी १५० रुपये महिना आले. २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. अजून १७० च आहेत.

१७० भागिले ५ म्हणजे ३४. तेवढ्यात मी साधा गहू देऊ शकतो, दळणाचे पैसे सोडून. ज्वारी देऊ शकत नाही. तांदूळ बरा नाही देऊ शकत. पण आज गहू बसतो म्हणून तुमचा हिशेब बरोबर, असं नाही. पाच किलो धान्य म्हणजे पाच किलो धान्य. बाजारात आग लागली तरी ते पाच किलोच राहतं. १७० रुपये मात्र भाव चढला की आपोआप चार किलो होतात, साडेतीन होतात आणि त्यासाठी कोणाला सही करावी लागत नाही. आधी भाववाढीचा धोका सरकारच्या डोक्यावर होता. तो तुम्ही माझ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवला.

शिवाय तो पैसा दर महिन्याला येत नाही. आमच्याकडे तो कधी तीन महिन्यांनी आला, कधी चार. पाच माणसांच्या घराचे महिन्याचे ८५० होतात. चार महिन्यांचे ३,४०० एकदम पडतात. ऐकायला मोठी रक्कम. पण खातं बाईच्या नावावर आणि त्याच बाईच्या नावावर बचत गटाचं कर्ज, नाहीतर दर आठवड्याला वसुलीला येणाऱ्या कंपनीचा हप्ता. बँक तालुक्याला. जाण्यायेण्याचं भाडं, एक मजुरी बुडणार. खात्यातून निघालेला पैसा चुलीपर्यंत येता येता वाटेत इतके जण भेटतात की माझ्या दुकानात पोचेस्तोवर त्याचं चिल्लर झालेलं असतं. गव्हाच्या पोत्याला वाटेत कोणी अडवत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, दुकानदाराचा यात फायदाच की. कंट्रोलचं धान्य बंद झालं म्हणजे लोक तुझ्याकडे येणार. आले ना. उधारीवर आले.

कायद्याच्या यादीत बसलेल्यांचं तरी काय? प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो मोफत, अंत्योदयाला घरटी ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून एक पैसा लागत नाही, त्याबद्दल गाव तुम्हाला नावं ठेवत नाही. पण यादीत येण्यासाठी खेड्यातल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ४४ हजारांच्या आत पाहिजे. मी सवयीनं भागाकार केला: दिवसाला १२० रुपये ५५ पैसे, सगळ्या घराचे. तुमच्याच रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर आहे दिवसाला ३१२ रुपये. त्या दरानं घरातल्या एकाच माणसाला वर्षात १४२ दिवस काम मिळालं तर ४४,३०४ रुपये होतात आणि कुटुंब कागदावर यादीबाहेर जातं. एवढे दिवस काम मिळत नाही, हे त्या कुटुंबाचं नशीबच म्हणायचं! आणि राज्याचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेला, त्यामुळे नव्यानं वेगळं झालेलं घर, नवी सून, तिची दोन लेकरं कार्डावर चढवायची म्हणजे सेतू केंद्राच्या चकरा.

मोफत तांदळाचं काय होतं, तेही ऐकून घ्या; कारण वर्तमानपत्रात "लाभार्थीच तांदूळ विकतात" असं छापून येतं आणि मग आम्ही सगळे चोर ठरतो. मोटारसायकलवर काटा बांधून तांदूळ घेणारे गावात येतात, खरं आहे. बाया त्यांना दोन-चार किलो देतात, हेही खरं. पण आमच्या बाजूला भात हे जेवणाचं शेपूट आहे, जेवण नाही. भंडारा-गोंदियाची गोष्ट वेगळी. इथे घरात तांदूळ पडून असतो आणि तेलाची बरणी उपडी असते. बाई तांदळाचं तेल करते. माझ्याकडे तांदूळ देऊन तेल मागणाऱ्या येतात. मी घेत नाही, कारण तपासणीत दुकान जाईल. पण तिला चोर म्हणायला माझी जीभ उचलत नाही. तिच्या आजीनं माझ्या आजोबांकडे ओच्यातली ज्वारी देऊन मीठ नेलं होतं, तेव्हा त्याला कोणी गुन्हा म्हटलं नव्हतं.

तेलाचंही सांगतो, फळीवरच्या माणसाचं उत्तर राहिलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. कारण असं सांगितलं की सोयाबीनला भाव मिळावा. आठवडाभरात १५ किलोचा डबा चढला. मी स्वतः चढलेल्या भावानं आणला. आणि ऑक्टोबरात त्याच गावातलं सोयाबीन बाजारात गेलं तेव्हा क्विंटलला ४,८९२ च्या हमीभावासमोर चार हजार, सव्वाचार हजार बोलले. म्हणजे सोयाबीन विकणारानं स्वस्त विकलं आणि संध्याकाळी त्याच सोयाबीनचं तेल महाग नेलं. मे २०२५ मध्ये शुल्क कमी केलं, पण डबा ज्या वेगानं चढला त्या वेगानं उतरला नाही. हे खातं तुमचं नाही, ठाऊक आहे. पण दिल्लीला बोलायची वेळ आली तर आमच्या दोन्ही खिशांतून पैसे गेले, एवढं सांगा.

तुरीचा घोळ याहून जुना. आत्ता माझ्या दुकानाच्या मागच्या वावरात शेंगा भरल्या आहेत. जानेवारीत तूर निघेल. मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज भरलं तर व्याज माफ, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे एकदमच बाजारात नेतात आणि पडेल त्या भावानं विकतात. ती तूर अकोल्याच्या दालमिलीत जाते. क्विंटलमागे ७०-७५ किलो डाळ होऊन, पॉलिश होऊन, दोन-तीन हात बदलून तीच डाळ जुलैत माझ्या दुकानात येते आणि ज्यानं पिकवली तोच ती पाव-पाव किलोनं उधार नेतो. आमची आई घरी डाळ करायची. तूर भिजवायची, तेलाचा हात लावून उन्हात घालायची, जात्यावर भरडायची, चुनी गाईला. वर्षाची डाळ मडक्यात असायची आणि २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपयांवर गेली तेव्हा गावातल्या ज्या पाच-सात घरांत ती मडकी होती त्यांनी माझ्याकडे डाळ मागितली नाही. बाकीच्यांनी त्या वर्षी डाळ खायची सोडली. पुढच्याच हंगामात तूर इतकी पिकली की खरेदी केंद्रावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिवसचे दिवस रांगेत उभे होते. त्या खरेदीतली डाळ २०१८ मध्ये राशनवर ३५ रुपये किलोनं मिळाली. माझा धंदा त्या काळात बसला होता, तरी सांगतो: चांगलं झालं होतं. लेकरांच्या ताटात घट्ट वरण होतं.

म्हणून नवी योजना मागत नाही. जे एकदा करून झालंय तेच पुन्हा करा. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गहू, तांदळाबरोबर भरड धान्य लिहिलेलंच आहे. आमच्या सहा जिल्ह्यांत तांदळातला काही वाटा ज्वारीचा करा आणि ती ज्वारी इथल्याच शेतकऱ्याकडून हमीभावानं घ्या. यंदा संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ आहे, घेणारा पक्का असेल तर दहा जण मिळून एका शिवारात पेरतील आणि डुकरांची राखणही मिळून करतील. कार्डामागे महिन्याला किलोभर तूरडाळ द्या. केशरी कार्डवाल्या शेतकऱ्याला पुन्हा धान्य देता येत नसेल तर निदान त्या १७० रुपयांना पाच किलोशी बांधा: त्या महिन्यात तालुक्याच्या बाजारात पाच किलो ज्वारी जेवढ्याला, तेवढे पैसे, आणि त्याच महिन्यात. भाव काढायला माणूस नसेल तर माझ्या दुकानातला फलक बघा, मी रोज खडूनं लिहितो.

४४ हजारांच्या मर्यादेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवताना ३१२ रुपये समोर ठेवा.

तुमचा कोणी अधिकारी इकडे येणार असेल तर पोळ्याच्या आठवड्यात पाठवा. दिवाळीत नको, तेव्हा सोयाबीनचा पैसा फिरत असतो आणि गाव खोटं बोलतं. मी नावं झाकून वही दाखवीन.

पण डाळीसाठी तेवढं पोळ्यापर्यंत थांबू नका. यंदा तुरीचा हमीभाव ८,००० आहे. खरेदी जानेवारीतच सुरू झाली, काटा वेळेवर लागला, पैसे महिन्याच्या आत आले तर शेतकरी थोडी तूर घरात ठेवेल आणि उरलेली तुमच्या गोदामात येईल, जिल्ह्याबाहेर न जाता. फेब्रुवारी उलटला की मार्चअखेरची घाई सुरू होते. एप्रिलमध्ये तुम्ही कितीही चांगला आदेश काढलात तरी तोवर आमची तूर अकोल्याला गेलेली असेल.

आपला,
एक किराणा दुकानदार आणि चार एकराचा शेतकरी